पट्टी डावीकडे गेली

२ सप्टेंबर, सकाळी ६.४०

कॉम्प्युटर उघडला आणि डोकंच फिरलं. पडद्याच्या तळाशी जी पट्टी असते, जिच्यावर सगळी बटणं असतात, ती डावीकडे जाऊन उभी राहिली आहे. सहा वर्षं खाली होती. मला न विचारता हलवली.

रविवारी सिस्टीम अपडेट झाली होती. म्हणजे हे त्यांचंच काम.

कॉम्प्युटर चालवायला लिनक्स ही सिस्टीम घरात आणली ती मी. तिच्या अनेक प्रकारांतली सगळ्यात लोकप्रिय, फुकट, सगळ्यांना खुली. मेहुणा हसला होता, फुकटचं ते पौष्टिक म्हणून. मी म्हटलं होतं, इथे आपण मालक आहोत. आणि आता कुणीतरी कुठेतरी बसून माझी पट्टी हलवतो? हा कसला मालकीहक्क!

निर्णय : ही सिस्टीम सोडायची. पर्याय शोधायचा. मुदत १५ सप्टेंबर.

७.३० : चहाच्या वेळी घरात जाहीर केलं. आई कॉम्प्युटरवर पत्ते लावत होती. पट्टीचं नाव काढल्यावर अरे, ती ना, म्हणून काहीतरी सांगायला लागली. मी म्हटलं, आई, टेक्निकल गोष्ट आहे, नंतर. ती बरं म्हणाली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं नोकरी केलेली बाई, पण आता वय झालं.

बायकोनं एकच विचारलं, माझ्या पुस्तकाचं काय? ती ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. त्या मुलांसाठी चित्रांचं वाचन-पुस्तक करते आहे, दोन वर्षं झाली. चौसष्ट पानं, सगळी चित्रं स्वतःच्या हातची. २८ तारखेला समितीपुढे ठेवायचं आहे. पास झालं तर पुढच्या सत्रापासून मुलांच्या हातात, नाहीतर वर्षभर थांबा.

मी म्हटलं, काळजी करू नकोस. पाच तारखेला कॉम्प्युटर तुझ्या ताब्यात.

३ सप्टेंबर

तक्ता केला. एक्केचाळीस निकष. लोक मनाला येईल ते इन्स्टॉल करतात आणि मग रडतात. मी बावीस वर्षं दुकानांतली वजनं-मापं तपासतो. तपासल्याशिवाय मी घरात मीठसुद्धा घेत नाही.

अकरा सिस्टीम निवडल्या. नावं जिभेला वळत नाहीत, म्हणून वॉलपेपरवरून नावं ठेवली : डोंगर, पोपटी, काळी, निळी, राखाडी वगैरे.

पुसण्याआधी बायकोचं पुस्तक पेनड्राइव्हवर घेतलं. कॉपी व्हायला चार सेकंद! एवढी चित्रं, चार सेकंदात! फुकटची सिस्टीम हळू म्हणणाऱ्यांनी बघावं. लगेच पेनड्राइव्ह ओढून काढला. पडद्यावर, थांबा, अजून काढू नका, अशी काहीतरी पाटी आली. यांचा माणसावर विश्वासच नाही.

पेनड्राइव्ह पाकिटात घातला, तार ओवली आणि ऑफिसात काट्याला लावतो तसं शिशाचं सील ठोकलं. वर तारीख, सही. बायको म्हणाली, सील कशाला? म्हटलं, कुणी हात लावू नये म्हणून. म्हणाली, मलाच हात लावायचाय ना त्याला. बायकांना प्रक्रिया समजत नाही.

५ सप्टेंबर

डोंगर घातली. काय देखणी! आवाज मात्र येत नाही. तसंही आपल्या घरात आवाज जास्तच आहे. आईचा पत्त्यांचा खेळ नाही. तिला म्हटलं, खरे पत्ते खेळ, हाताला व्यायाम. तिनं माझ्याकडे चष्म्याच्या वरच्या काचेतून पाहिलं, मग खालच्या काचेतून पाहिलं.

कॉम्प्युटर बायकोला आज द्यायचा होता. पण आवाजाशिवाय कसा देणार? परवा देतो म्हटलं.

७ सप्टेंबर

डोंगर पुसली. पोपटी घातली. हिला वायफाय दिसत नाही. वायफाय चालू करायला एक फाइल लागते, ती फाइल इंटरनेटवर आहे. चष्मा शोधायला चष्मा लागतो, त्यातली गत.

मेहुण्याचा फोन. ताईनं सांगितलं म्हणे. तासभर हसत होता. त्याची सिस्टीम विकतची आहे, त्याला काय कळणार स्वातंत्र्य.

९ सप्टेंबर, रात्री ९

बायकोनं आज फक्त एक तास मागितला. चित्रं पानांवर नीट बसवायची आहेत. मी समजावलं की आत्ता निकष क्रमांक अठरा चालू आहे, मध्येच उठलं की वेळेची नोंद बिघडते. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा समजावलं, पडद्यावरची नजर न काढता, कारण घड्याळ चालू होतं.

तेव्हा ती म्हणाली की तिच्या वर्गातल्या मुलांना ऐकू येत नाही, पण ती समोरच्या माणसाकडे बघतात तरी.

याचा संबंध कळला नाही. निकष अठरा नापास.

१० सप्टेंबर

ती शाळेतून हल्ली आठला येते. पूर्वी साडेपाचला यायची. शाळेत तपासणी वगैरे असावी.

१२ सप्टेंबर

पोपटी गेली, काळी आली. काळीत चित्र-बित्र काही नाही, सगळं टाइप करायचं. खऱ्या मर्दांची सिस्टीम. पाच तास टाइप केलं. तारीख दिसायला लागली. बरोबर होती.

इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या फोरमवर मदत मागितली. काटेकोर नावाचा कुणी आहे, त्यानं उत्तर दिलं : आधी माहितीपुस्तिका वाचा. त्याला सभ्यतेवर चार पानी पत्र लिहिलं. मनातलं सगळं ओतलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. पुस्तिकेचा पान नंबर होता.

१५ सप्टेंबर

मुदत २० पर्यंत वाढवली. घाईत घेतलेला निर्णय अंगाशी येतो.

ऑफिसात फालतू प्रकार. एका फळवाल्याचा काटा चाळीस ग्रॅमनं खोटा निघाला. भर बाजारात त्याला फैलावर घेतलं. माणसं जमली. तो बिचारा शपथा घेत होता. नंतर लक्षात आलं की माझाच काटा मी शून्यावर आणला नव्हता. डोक्यात कीबोर्डची जुळणी चालली होती ना. माफी मागावी लागली, तीही भर बाजारात. फळवाल्यानं मला एक सफरचंद दिलं, हे जास्त लागलं.

साहेब म्हणाले की नवीन पोरांना आपण पहिल्या दिवशी काय शिकवतो? दुसऱ्याच्या काट्याला हात लावण्याआधी आपला शून्यावर. मी हो म्हटलं. मला शिकवतात!

१८ सप्टेंबर

निळी. सगळं चालतं. आवाज, वायफाय, सगळं. फक्त मराठी अक्षरं फुटतात. काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, अक्षरं रुसल्यासारखी लांब लांब उभी. बायकोला दाखवलं की जवळजवळ जमलंय. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मीही हसलो. मग ती म्हणाली की तिची मुलं एकेक अक्षर ओठांवरून ओळखून शिकतात, त्यांच्या हातात हे द्यायचं का? आणि आत गेली.

निळी पुसली. वाईट वाटलं. निळीचं.

२० सप्टेंबर

मुदत २२.

२२ सप्टेंबर, रात्री ८.१५

सापडली!! राखाडी! एक्केचाळीसपैकी एकोणचाळीस! आवाज आहे, वायफाय आहे, मराठी मोत्यासारखी, आईचे पत्तेसुद्धा आहेत. आणि पट्टी? खाली! जिथे असायला हवी तिथे! या लोकांना ग्राहकाची कदर आहे. जुन्या सिस्टीमच्या लोकांना खरमरीत पत्र लिहिणार.

सगळ्यांना बोलावलं. म्हटलं, सहा दिवस हातात आहेत, आता बघ पुस्तक कसं झरझर होतं. पाकीट आणलं. सील सगळ्यांना दाखवलं, शाबूत होतं. पक्कडीनं तोडलं. पेनड्राइव्ह लावला.

फोल्डर आहे. आत फाइलींची नावं आहेत. चौसष्टच्या चौसष्ट. एकही उघडत नाही. आत काहीच नाही.

रात्री ९ : काटेकोरला विचारलं. तो म्हणतो, कॉपी झाली असं दिसतं तेव्हा ती अजून चालू असते. म्हणूनच, थांबा, काढू नका, असं लिहून येतं. तुम्ही थांबला नाहीत का?

कॉम्प्युटरची डिस्क वीस दिवसांत सात वेळा पुसली आहे. तिच्यात काही उरलेलं नाही.

बायकोला सांगितलं. म्हणजे मी पेनड्राइव्हच्या दर्जाविषयी बोलायला सुरुवात केली, मग काटेकोरचं उत्तरच तिला वाचायला दिलं. ती म्हणाली, असू दे. हात धुऊन घ्या, पानं वाढली आहेत. एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दोन वर्षं ती जेवणाच्या टेबलावर चित्रं काढत होती, मला डिश ठेवायला जागा नसायची. आज टेबल रिकामं होतं आणि मी भरली डिश तशीच ठेवून उठलो.

२३ सप्टेंबर

काही लिहिण्यासारखं नाही.

२५ सप्टेंबर

आज आईनं खोलीत येऊन दार लावून घेतलं. म्हणाली, आता तरी ऐकशील का. मग सांगितलं. पट्टी तिनं हलवली होती. त्या रविवारी. दुहेरी चष्म्यातून पडद्याच्या तळाचं धूसर दिसतं, मान वर करून दुखते, म्हणून पट्टीवर माउसचं उजवं बटण दाबलं, डावीकडे निवडलं. झालं. दोन तारखेला तेच सांगत होती.

मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? म्हणाली, एक्स्चेंजमध्ये दोनशे तारा हाताखाली होत्या, ही तर एक पट्टी.

आणखी एक. राखाडीची माहिती आज पहिल्यांदा नीट वाचली. आत आमची जुनीच सिस्टीम आहे. वॉलपेपर बदललेला. आई म्हणाली, काखेत कळसा, आणि पुढचं बोलली नाही. मला येतं ते.

२७ सप्टेंबर

ठरवलं : उद्या समितीकडे स्वतः जायचं, चूक माझी आहे सांगायचं, मुदत मागायची. रजा टाकली. भाषण लिहिलं. त्यात एकही निकष नाही.

२८ सप्टेंबर, संध्याकाळी ५

सकाळी दहाला समितीच्या दारात जाऊन उभा राहिलो. शिपायाला बायकोचं नाव सांगितलं. म्हणाला, बाई आत आहेत, पुस्तक दाखवतायत.

कुठलं पुस्तक?

अकराला ती बाहेर आली. हातात पुस्तक. चौसष्ट पानं, सगळी. पास झालं. समितीतल्या एका बाईंनी स्वतःच्या नातवासाठी प्रत मागितली म्हणे.

पायऱ्यांवर बसून तिनं सांगितलं. दोन तारखेलाच, मी काळजी करू नकोस म्हटल्याबरोबर, तिनं पुस्तक शाळेच्या पेनड्राइव्हवर घेतलं. थांबा म्हटलं तेव्हा थांबली. शाळेचा कॉम्प्युटर जुना, साडेपाचनंतर मोकळा व्हायचा, म्हणून आठ वाजायचे. पाठ धरली, डोळे सुजले, पण झालं.

मी जरा चिडलोच. म्हटलं, बावीसला तरी सांगायचंस, मी आठवडाभर जेवलो नाही धड. ती म्हणाली की ती वाट बघत होती. मी एकदा तरी विचारीन, तुला उशीर का होतो, तू काम कुठे करतेस. सव्वीस दिवस.

मी मोजले. खरंच सव्वीस होतात.

भाषणाचा कागद खिशातच होता. तिनं काढून घेतला, वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. बसमध्ये शेजारी बसली.

३० सप्टेंबर, सकाळी ७

काल मी ऑफिसात असताना सासू-सुनेनं मिळून जुनी सिस्टीम परत घातली. आईनं सूचना मोठ्यानं वाचल्या, बायकोनं बटणं दाबली. चाळीस मिनिटं. मध्ये चहा.

आता कॉम्प्युटरवर तीन खाती आहेत. पहिलं आईचं. दुसरं बायकोचं. तिसऱ्याचं नाव पाहुणा. ते माझं. त्यातून काही इन्स्टॉल करता येत नाही, काही पुसता येत नाही. तसं बघितलं तर हे शास्त्रशुद्धच आहे. सामान्य वापरणाऱ्याला जास्त अधिकार असू नयेत, हे मी पहिल्यापासून म्हणत आलो आहे.

एकच गोष्ट. माझ्याही खात्यात पट्टी डावीकडेच आहे. खाली आणायला गेलो तर पासवर्ड मागते. बायकोला विचारलं. ती दुसऱ्या भागाची चित्रं काढत होती, टेबलभर कागद. म्हणाली, तो आईंकडे.

आईकडे गेलो. ती पत्ते लावत होती. मी म्हटलं, आई, ती पट्टी जरा...

म्हणाली, टेक्निकल गोष्ट आहे, नंतर.

मी बरं म्हटलं.