तिसऱ्या सिलिंडरची उचकी

बाबा, या दसऱ्याला गाडीला उचकी लागली आणि तुमच्याशिवाय हे कोणाला सांगावं ते सुचेना. गाडी म्हणजे तुमची ती फिकट निळी नव्हे, ती तुमच्या मागोमाग गेलीच. ही माझी, छोटी, लाल, तुम्ही न पाहिलेली. दिल्लीच्या नियमांनुसार तिचीही निवृत्ती आता जवळ आलीय आणि दादा दर रविवारी फोनवर तिच्या निरोप समारंभाचं भाषण करतो. "यार, विकून टाक ना. किती दिवस ते बोनेट उघडून बसणार आहेस?" त्याच्या स्वतःच्या गाडीचं बोनेट कुठून उघडतं हे त्याला ठाऊक नाही. आपला हात जगन्नाथ हा घरातला रोग तुमच्याकडून थेट माझ्याकडे आला, तो मात्र सुखरूप सुटला.

झालं असं की मावशी आता फरीदाबादच्या घरातून बाहेर पडत नाही. आईचे गुडघे मेट्रोचे जिने नुसते बघून दुखायला लागतात, आणि टॅक्सीत बसली की समोर टांगलेल्या त्या सेंटच्या बाटलीने तिला मळमळतं. त्यामुळे दोघी बहिणींची भेट म्हणजे फोन, आणि फोनवर दोघींनाही नीट ऐकू येत नाही. या वर्षी मात्र आईने मनावर घेतलं. म्हणाली, "तू चालवणार असशील तर येते. सोनं हातात द्यायचं असतं गं, फोनवर नाही." आपट्याची पानंही तिने मंडळातल्या कोणाकडून तरी मिळवून ओल्या रुमालात गुंडाळून ठेवली होती. तुम्ही गेल्यापासून ती सणासुदीला आपणहून कुठे निघाली आहे असं मला आठवत नाही. दिलेल्या शब्दाला गाडी कमी पडू नये म्हणून मी आदल्या दिवशी तिचे स्पार्क प्लग बदलायचं ठरवलं. गाडी तशी चांगली चालत होती. चांगल्या चाललेल्या गाडीला हात लावायचा नाही, हा तुमचाच नियम, आणि तो सगळ्यांत जास्त मोडलात तोही तुम्हीच.

आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये या दिवशी तुमची किती धांदल असायची! एरवी फायलींवर सह्या करणारा माणूस सकाळपासून पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर रॉकेलने पुसत बसलेला. मग पाट, पाटावर जुनं धुतलेलं धोतर, त्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेले पाने. शेजारचे मल्याळी अंकल दरवर्षी मुद्दाम बघायला येत आणि आपल्याकडेही आयुधपूजा असते असं दरवर्षी सांगत. आई एकेका पान्याला हळदकुंकू लावत पुढे सरकायची आणि शेवटी तुमच्या हातालाही लावायची. "हे पण अवजारच आहे," ती म्हणायची, "फक्त घरकामाला चालत नाही." तुम्ही हसायचात, आणि कपाळाला हात लावायला जाऊन कुंकू कपाळभर करून घ्यायचात.

तुम्ही गेलात आणि तिने कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. तिला कोणी काही बोललं नव्हतं, आपल्याकडे तसं बोलणारं कोणी नव्हतंच. तिचं तिनेच ठरवलं. नवीन फ्रिज आला, दादाची गाडी आली, मुलांची पुस्तकं आली, प्रत्येक वेळी ती बाजूला उभी राहून म्हणणार, "तू लाव." मी सुरुवातीला भांडले, रडले, लांबलचक भाषणं दिली. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "राहू दे गं. लाव तू." मग मीही भांडायचं सोडून दिलं. यंदाही तुमच्या पान्यांना मीच हळदकुंकू लावलं, ती फुलं पुढे करत राहिली. नवे प्लग जेवणाच्या टेबलावर डब्यात होते. पूजा करून मी जुने कपडे घालायला आत गेले, बाहेर आले, डबा उचलला आणि खाली पार्किंगमध्ये गेले.

प्लग बदलले. एकेक प्लग पान्यात खुपसला, हाताने फिरवून बसवला, मग पाना आवळला, सगळं तुम्ही शिकवल्यासारखं. चष्मा कपाळावर होता, पण आता ही कामं हाताला दिसतात. मोठ्या ऐटीत चावी फिरवली आणि गाडी अशी थरथरली की आरशातली अख्खी सोसायटी हलायला लागली. समोर इंजिनाचा पिवळा दिवा. तिसऱ्या मजल्यावरचे अंकल भाजीची पिशवी घेऊन थांबले आणि उंटावरून शेळ्या हाकायला लागले. "बेटा, पेट्रोल में पानी आ गया है. सौ टका." मी दादाला व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवला. तो म्हणाला, "बस्स, झालं. टो करून गॅरेजला दे आणि उद्या आईला सांग, पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी! मावशीची तब्येत त्याला माहीत आहे, तरी म्हणाला. मी फोन ठेवला, बोनेट लावलं आणि वर आले. जेवताना आईने आपट्याची पानं पुन्हा एकदा ओल्या रुमालात गुंडाळली, ते मी बघितलं.

दसऱ्याला सकाळी मी पुन्हा खाली उतरले तर मागोमाग लिफ्टमधून आईही उतरली. नारायणपेठ साडी, हातात पानांची पुरचुंडी आणि श्रीखंडाचा डबा. गार्डने प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, ती गाडीपासून चार हातांवर बसली आणि म्हणाली, "मी तयार आहे. तू कर तुझं." मी बोनेट उघडून नुसती उभी. आणि मग तुमचाच आवाज आठवला, त्यातला तो खास ऑफिसचा सूर: "गाडी काल बरी होती, आज बरी नाही. मधे हात कोणी लावला? आधी त्याची चौकशी." हात मी लावला होता. मग पेट्रोलची आणि पाण्याची चर्चाच संपली. जिथे जिथे मी हात लावला तिथेच शोधायचं होतं.

आणि मग तो खेळ आठवला. क्वार्टरच्या अंगणात रविवारची सकाळ आहे, निळी गाडी धडधडतेय, तुम्ही बाह्या वर करून ओरडता, "गाडीला उचकी लागलीय रे! नावं घ्या!" जेवताना मला उचकी लागली की तुम्ही जशी नावं घ्यायचात, आत्या? मावशी? नागपूरची काकू?, आणि ज्या नावाला थांबेल त्याने आठवण काढली असं धरायचात, अगदी तसंच. चार सिलिंडर, घरातली चार माणसं. पहिला आई, दुसरा दादा, तिसरा तुम्ही, चौथी मी. जाड फडक्यात धरून एकेक वायर उपटायची आणि नाव पुकारायचं. वायर काढल्यावर इंजिन आणखी गळपटलं तर तो माणूस कामावर आहे. काही फरकच पडला नाही तर तो आधीपासून बसून खातोय. "आई!" इंजिन धापा टाकायचं. "हजर." "दादा!" "हजर." आणि तिसऱ्याला बहुतेक वेळा ढिम्म. तुम्ही बोट स्वतःकडे करून म्हणायचात, "हे गृहस्थ सुट्टीवर दिसतात." बाल्कनीतून आई म्हणायची, "ते मला लग्नापासून माहीत आहे." समोरच्या ब्लॉकपर्यंत हसू जायचं.

आता वायरी नाहीत. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी आपापली कॉइल बसते आणि तिला एक छोटी पिन जोडलेली असते. पण हजेरी तीच. मी गाडी सुरू केली, पहिली पिन काढली आणि काय झालं कोण जाणे, मोठ्याने म्हटलं, "आई!" गाडी जवळजवळ बंद पडली. खुर्चीवरून शांतपणे आवाज आला, "हजर." मी वळून बघितलं. आई पुरचुंडी मांडीवर धरून ताठ बसली होती, वर्गातल्या मुलीसारखी. पिन परत लावली, दुसरी काढली. "दादा!" इंजिन गडगडलं. आई म्हणाली, "कामावर आहे. मला वाटलं नव्हतं." मग मी तिसरी काढली आणि नाव घेताना जरा अडखळलेच, कारण इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी तुम्हाला असं मोठ्याने पुकारलं नव्हतं. "बाबा!" गाडी पूर्वीसारखीच थरथरत राहिली, काही फरक नाही. आई हसायला लागली. आधी तोंडातल्या तोंडात, मग खांदे हलवून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अजून सुट्टीवरच आहेत का गं?" मीही तशीच बोनेटला टेकून हसत सुटले. अंकल पुन्हा थांबले होते. "ठीक हो गई?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "नहीं जी, लेकिन पता चल गया कौन है."

पुढचं तुम्हाला आवडेल. चोर सोडून संन्याशाला फाशी नको म्हणून मी तिसऱ्याची कॉइल चौथ्यावर आणि चौथ्याची तिसऱ्यावर बसवून बघितली. दुखणं कॉइलबरोबर गेलं नाही, तिसऱ्यातच राहिलं. म्हणजे कॉइल निर्दोष, गुन्हा प्लगचा. इंजिन निवू दिलं, कॉइल काढली, चष्मा या खेपेला नाकावर घेतला आणि प्लगच्या खोबणीत टॉर्च मारला. तळाशी तांदळाचा एक दाणा होता. लाल. मला आधी काही कळेचना. पान्याने प्लग वर काढला, उन्हात धरला. त्याच्या पांढऱ्याशुभ्र चिनीमातीवर कुंकवाचं बोट उमटलेलं. ओलं करून, नीट टेकवून लावलेलं, जसं आई तुमच्या पान्यांना लावायची तसं. आणि त्या कुंकवातून खाली उतरलेली एक बारीक काळी रेघ. ठिणगीला आत उडी मारायची होती, पण तिला बाहेरूनच ही कुंकवाची वाट सापडली होती, आणि ती बिचारी त्या वाटेने खाली जाऊन वाया जात होती.

मी आत कपडे बदलत होते तेवढ्यात केलंय तिने हे. करंडा उघडला, डब्यातला एक प्लग उचलला, कुंकू लावलं, अक्षत वाहिली आणि डबा पुन्हा होता तसा ठेवला. चारांपैकी एकच का? एकाला लावलं की सगळ्यांना पोचतं, असं तिचं असणार. आणि चारांपैकी तोच एक तिसऱ्यात कसा गेला, ते मला विचारू नका, मी न बघता उचलला होता. बाबा, मी तो प्लग हातात धरून उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं. इतक्या वर्षांनी तिने आपल्या हाताने कुंकू लावलं होतं. कोणी आग्रह केला नव्हता, कोणी बघत नव्हतं.

"काय गं, काय सापडलं?" आईने विचारलं. मी मान वर केली. ती खुर्चीतून पुढे झुकली होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, तिला जरासा संशय आला होता की काय कोण जाणे. मला एका क्षणात पुढचं सगळं दिसलं. तिला कळलं असतं तर ती म्हणाली असती, "बघ, म्हणूनच मी लावत नाही," आणि करंडा कायमचा माझ्याकडे. मी प्लग खिशात टाकला आणि म्हटलं, "काही नाही गं. पिन नीट बसली नव्हती. माझाच वेंधळेपणा." ती मागे टेकली. "तरी मी म्हणत होते, घाई करतेस," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात केवढं समाधान होतं!

जुने प्लग मी ठेवले होतेच. नवा पार्ट चाललेला दिसेपर्यंत जुना टाकायचा नाही, यावरून तुम्ही एकदा मला कचऱ्याच्या ढिगात उतरवलं होतंत, ते मी कशी विसरेन. तिसऱ्याचा जुना प्लग पुसून परत बसवला, कॉइलचं रबर आतून पुसून घेतलं, चावी फिरवली. गाडी अशी मऊ सुरू झाली की मला वाटलं सुरूच झाली नाही. आईने खुर्चीवरूनच विचारलं, "आले का कामावर?" मी म्हटलं, "आले." फरीदाबादपर्यंत ती आवाज ऐकत बसली होती, एकदाही झोपली नाही. मावशीने दारातच तिचे दोन्ही हात धरले, पानं खाली पडली, ती उचलायला दोघींनाही वाकता येईना, मग दोघी तशाच उभ्या राहून एकमेकींना सोन्यासारख्या राहा म्हणाल्या. पानं मी उचलून त्यांच्या हातांत दिली.

दादा अजून चिडवतो. "मोठी मेकॅनिक! एक पिन लावता येत नाही." अंकलना अजूनही ते पाणीच होतं असं वाटतं. मी सगळं ऐकून घेते. तो प्लग तुमच्या पान्यांच्या पेटीत, कापडात गुंडाळून ठेवलाय. पुढच्या खंडेनवमीला मी करंडा टेबलावर उघडा ठेवणार आहे आणि जुने कपडे घालायला खूप वेळ लावणार आहे, आणि त्या वर्षी प्लगला हात लावणार नाही. गाडीला उचकी का लागली हे आता मला कळलंय. उचकी लागते ती कोणी आठवण काढली की, आणि आठवण काढणारी चार हातांवर खुर्चीत बसली होती.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि घरात ठेवलं तर आईच्या हाती लागायचं, म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. पण तुम्हाला सांगणं भाग होतं. वायर असो की पिन, टक् वाजल्याशिवाय मी हात काढत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. माझं खोटं फक्त तुम्ही पकडलं असतंत.