दिव्याखाली उजळलेली पट्टी

आई, तुझ्या रफूच्या दुकानातली एक दुपार या महिन्यात मला वारंवार आठवते आहे. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कॉलेज सुटले की तुझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसत असे. एक बाई शाल घेऊन आली. नवऱ्याची, लग्नातली आहे, तो आता नाही, कसर लागली आहे, एवढेच म्हणाली. ती पायऱ्या उतरते न उतरते तोच मी म्हणालो, "खोटं बोलतेय. शाल दोन वर्षांचीसुद्धा नाही." तू सुईत दोरा ओवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तिने भोकं बुजवायला दिलीय. तिची जबानी घ्यायला कुणी सांगितलंय तुला?" माझेच बरोबर होते, असे पुढे कितीतरी वर्षे मला वाटत राहिले.

मी अमेरिकेत ॲन आर्बरला आलो तेव्हा तू जाऊन तीन वर्षे झाली होती. पहिल्याच हिवाळ्यात जुन्या वस्तूंच्या बाजारात एक लहानशी कापडी पट्टी दिसली, नॉर्वे देशाचे नाव भरलेली. महायुद्धात तो देश जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर त्याचे जे सैनिक इंग्लंडमधून लढले, ते ती खांद्यावर लावत. मी ती आधी उलटी करून पाहिली, तू शिकवल्याप्रमाणे. मागचे टाके असे होते की तू बघत राहिली असतीस. त्या दिवसापासून मी ही सैनिकी चिन्हे जमवतो. अस्सल फार थोडी उरली आहेत, म्हणून नकली फार. कुणी कापड चहात बुडवून जुने करतो, कुणी पाठीमागची टाचणी गंजवतो, आणि प्रत्येकाजवळ आजोबांच्या पेटीची एक हकीकत तयार असते. हकीकत मी ऐकून घेत नाही. माझा विश्वास अतिनील दिव्यावर. कापड शुभ्र दिसावे म्हणून हल्ली जे रसायन वापरतात, ते त्या दिव्याखाली निळसर चमकते; युद्धकाळातले कापड निस्तेज राहते.

इथे नॉर्वेहून आलेल्या कुटुंबांचे एक छोटे मंडळ आहे. यंदा त्यांनी प्रदर्शन भरवायचे ठरवले आणि वस्तू तपासायला मला बोलावले. ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंनी वडिलांची बाहीवर बांधायची पट्टी आणली होती: लाल, पांढरी, निळी, हाताने शिवलेली. गुप्तपणे लढणारे लोक देश मुक्त झाल्यावर पहिल्यांदा उघडपणे रस्त्यावर उतरले, तेव्हा ओळखीसाठी अशा पट्ट्या बांधत. दिव्याखाली तिचा पांढरा भाग ट्यूबलाइटसारखा उजळला. मी सर्वांसमोर म्हणालो, "ही नंतर केलेली नक्कल आहे."

"माझ्या वडिलांच्या हातावर होती ती."

"वडिलांबद्दल मी काहीच म्हणत नाही, मॅडम. कापडाबद्दल म्हणतो आहे."

सभागृह माझ्याइतके काटेकोर नव्हते. मागून एक जण बोलला, "मग म्हातारा युद्धात नेमका कुणाच्या बाजूला होता?" दोघे-तिघे हसले. बाईंनी पट्टीची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि त्या निघून गेल्या.

आठवड्याने मी घरी टेबलाशी एक बिल्ला तपासत होतो. बायको ड्रायरमधले कपडे माझ्यामागे पलंगावर टाकून खाली गेली. खुर्ची वळवली तेव्हा हातातल्या दिव्याचा झोत त्या कपड्यांतल्या तुझ्या गोधडीवर पडला आणि गोधडी उजळली. बायको परत आली तेव्हा मी ती हातात धरून बसलो होतो.

"काय चाललंय तुझं?"

"आईची गोधडी चमकते आहे."

"मग? दर वर्षी मशीनमध्ये टाकते मी ती. डिटर्जंटमध्ये असतंच ना ते चमकणारं केमिकल. एवढा एक्स्पर्ट तू, तुला माहीत नाही? आता मलाही धर दिव्याखाली, ओरिजिनल आहे का ते बघून घे एकदाचं."

मला माहीत होते, आई. धुण्याने दिवा फसतो, हे मी कधीच वाचले होते. पट्टी धुतली होती का, एवढे त्या बाईंना विचारायचे होते. पण मालकाचा शब्द म्हणजे हकीकत, म्हणून मी विचारलेच नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. "दर वर्षी धुते," त्या म्हणाल्या. "आमच्या राष्ट्रीय दिवसाआधी. पूर्वी आई धुऊन इस्त्री करायची. वडिलांची वस्तू मळकी लावायची का?" तेव्हासुद्धा माझ्या मनात आले, हे उत्तर यांना कुणी पढवले तर नसेल? मी म्हणालो, शिवणीचे दोन टाके उसवले तर आतला दोरा सुती आहे की पॉलिएस्टरचा, यावरून कदाचित काळ कळेल. त्यांनी पट्टी माझ्या हातातून काढून घेतली. "ती शिवण माझ्या आईची आहे. तुम्ही विचारलं असतंत तर त्याच दिवशी सांगितलं असतं. उसवू देणार नाही."

पुढच्या बैठकीत, त्याच लोकांसमोर, मी उभा राहून सांगितले की माझा निर्णय चुकीचा होता; धुतलेल्या कापडाबद्दल दिवा काहीच सांगू शकत नाही. "म्हणजे खरी आहे?" हसणाऱ्यांपैकीच एकाने विचारले. "मी माझ्या जबाबदारीवर स्वीकारतो आहे," मी म्हणालो आणि प्रदर्शनाच्या नोंदीवर सही केली. पट्टी आता भिंतीवर आहे. बाई येऊन तिच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

मला पूर्ण खात्री अजूनही नाही. पण सांगायचे ते दुसरेच आहे, आणि हे तुला पोचणार नाही म्हणूनच लिहिता येते. ती गोधडी तुझ्या आईच्या लुगड्यांची, तू लग्नाआधी शिवलेली, असे तू सांगायचीस. ती उजळली तेव्हा मला दिव्याचा संशय आला नाही, तुझा आला. वाटले, बाजारातून आणली असशील. बायको जिना चढून येण्याआधी मी ब्लेडने तिचा चार बोटे कोपरा उसवला. आतले कापडही तितकेच चमकत होते. धुण्याचे पाणी आतही पोचते; त्यावरून काहीच ठरले नाही. बायकोला मी सांगितले की मशीनमध्ये उसवली. तिने लगेच मानले.