माळाचं फाटक

फ्रेंचमन नदीकाठ, सस्कॅचेवान
२६ मे १९६३

चि. रग्नास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पेरलेलं गवत यंदा एप्रिलअखेरीसच हिरवं झालं. गायी-वासरं सध्या तिथंच आहेत. तुझा दादा आस्लाक मला ते रोज कौतुकानं दाखवतो, जणू त्यानंच एकेक पातं ओढून वर काढलंय. तेवढ्याच जमिनीवर माळापेक्षा दुप्पट जनावरं पोसतात, म्हणून शरदात उत्तरेचा माळ नांगरून तिथंही हेच पेरू म्हणतो. माळ तुझ्या आईनं जाताना तुझ्या नावावर केलेला, तेव्हा तुझा होकार हवा. मी फक्त निरोप्या.

जूनमध्ये येते असं लिहिलं होतंस. गायींना माळावर सोडायचं फाटक तू आल्यावरच उघडू. आधी आई उघडायची, मग तू. गायींना माझ्या हाताची सवय नाही.

आईची ती बटाट्याची पातळ पोळी, लेफ्से, अजून माझ्याकडून तव्यावरच फाटते. आस्लाक तिला भोकांचा रुमाल म्हणतो.

दोन ओळी लवकर धाड.
तुझे बाबा

व्हँकुव्हर
१४ जून १९६३

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यात दोघी नर्स आजारी, त्यामुळे रजा पुढं गेली. जुलैत येते, नक्की.

इथं खिडकीखाली हिरवळ आहे. दर शनिवारी कापतात, एका काडीलाही तुरा येऊ देत नाहीत. कापल्यावर वास सुटतो, पण तो आपल्या गवताचा नाही. ऊन तापल्यावर माळाला यायचा तो वास मी इथं कुणाला समजावून सांगू शकले नाही.

दादाचंही पत्र आलं. समुद्राकाठी बसून माळ राखतेस, त्यावर काय मासे चारणार आहेस, असं विचारतो. खरंच आहे त्याचं. मी इतक्या लांबून माळाचं काय करणार? नांगरायचा तर नांगरू दे.

लोभ आहेच, रागावू नका.
तुमची रग्ना

फ्रेंचमन नदीकाठ
६ जुलै १९६३

चि. रग्ना,
दादाचे आशीर्वाद. रागावून लिहितोय, पण आशीर्वाद खरे आहेत.

जूनमध्ये पाऊस आला नाही. पेरलेल्या गवताला तुरे आले आणि त्याच्या तारा झाल्या. गायी तोंड लावून बाजूला होतात. माळावरचं आपलं बुटकं गवत मात्र आता कुठं रंगात आलंय. गायींना ते कळतं. तीन आठवडे त्या फाटकाशी उभ्या राहून हंबरत होत्या, त्यांचं दूध आटलंय, वासरांचं वजन वाढत नाही. आणि बाबा फाटक उघडू देत नव्हते. म्हणायचे, येईल ती.

चाळीस वर्षं जनावरं पाळलेला माणूस, गं. पेरलेल्या गवताचं गुणगान गाणारा मी, आणि त्यातून गायी काढा म्हणून मलाच हातापाया पडावं लागलं. शेवटी काल मीच फाटक उघडलं. बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

माळ मी नांगरत नाही. हे गवत वसंतात चांगलं, पण उन्हाळा माळाशिवाय निघायचा नाही, हे मलाही दिसलं. तुझा होकार परत घे. मात्र येणार आहेस की नाही, ते बाबांना स्पष्ट लिही.

तुझा दादा
आस्लाक

व्हँकुव्हर
१३ जुलै १९६३

ती. बाबांस,
शि. सा. न.

दादावर रागावू नका. चूक माझी आहे. रजा मी मागितलीच नव्हती. इथली नोकरी मे महिन्यातच कायमची झाली. ते लिहायला बसले की हातून ‘येते’ असंच लिहिलं जायचं. ते लिहिताना दर वेळी मला खरंच वाटायचं.

माळ नांगरायचा नाही. तो माझा आहे असं म्हणायला मला एवढं तरी असू द्या. पण मी तिथं राहायला परत येणार नाही, बाबा. नाताळात आठ दिवस येईन. तिकीट काढलंय. तेव्हा सगळा माळ बर्फाखाली असेल, ते मला माहीत आहे.

पुढच्या जूनमध्ये गायींकडे बघून फाटक उघडा. माझ्या पत्राकडे बघून नको.

तुमच्याच मायेची,
रग्ना