दोन विलायती खोक्यांची व्यवस्था

लिहून देणार मी, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त आरेखक. शाळेतल्या कविता अजून तोंडपाठ आहेत, यावरून बुद्धी शाबूत असल्याचे समजावे. दबाव कोणाचाही नाही. पत्नी शेजारी बसली आहे, पण तो दबाव नव्हे, सवय.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीला. यावर कोणी चकार शब्द काढू नये.

२. सोल्डरिंगची हत्यारे मुलाला. निदान गंजू देऊ नयेत.

३. आता जीव अडकला आहे ते: ऐन तारुण्यात घेतलेली विलायती स्पीकरांची जोडी. कलते ऊन त्यांच्या कापडी तोंडावर आले की शाळेतल्या शेवटच्या तासाचे ऊन आठवून मी अजून वर्गातल्या बाकावर जाऊन बसतो. त्यांच्या भिंती मुद्दाम पातळ प्लायवूडच्या, आतून डांबराचे पट्टे चिकटवलेल्या. जाड लाकूड गाण्यात आपला सूर मिसळते. हे पातळ लाकूड गप्प राहते, म्हणून माणसाचा आवाज माणसासारखा येतो. पण माझे मेहुणे पडले फर्निचरवाले. "दाजी, पातळ माल देऊन साहेबानं गंडवलंय तुम्हाला. सागवानी पेट्या ठोकून देतो!" मुलाला तर जोडी विकायचीच आहे. यांच्यापैकी कोणाच्याही हाती पडली तर तिचा आवाज गेलाच, ही माझी धास्ती.

म्हणून गेल्या रविवारी परीक्षा घेतली. पत्नीने म्हटलेली शाळेतली कविता आधीच गच्चीवर टेप केली होती. खोलीत ती घुमली असती. पडद्याआड एक स्पीकर, शेजारी पत्नी. कविता एकदा तिने म्हटली, एकदा त्याने. खरी कोणती?

मुलगा म्हणाला, "पहिली आई. पैज!"

"छट्! दुसरी ताई," मेहुणे गरजले. "सख्ख्या बहिणीचा आवाज मला कळत नाही होय?"

सूनबाई ओशाळली. "बाबा, मला दोन्ही वेळा आईच वाटल्या. चुकलं का हो?"

चुकलं? ज्याने हे स्पीकर बनवले, तो जन्मभर याच उत्तरासाठी झटला असेल! सबब जोडी सूनबाईला. विकायची नाही, सागवानात कोंबायची नाही, रोज वाजवायची. त्या दोघांत बरोबर कोण, हे मी सोबत घेऊन जाणार.

४. 'सदर टेप पत्नीला,' असे लिहिले. तिने वाचून चष्मा काढला.

"अहो, जाणार तुम्ही आणि टेप माझी? मी माझंच ऐकत बसू?"

इतक्या कविता पाठ, पण हे काही सुचले नव्हते. तसाच टेपरेकॉर्डर घेऊन गच्चीवर गेलो आणि कविता स्वतः म्हटली. दुसऱ्या कडव्यात खोकला आला. तो पुसायचा नाही, असे तिने बजावले आहे. तरी कलम चारमधील टेप म्हणजे ही, माझी, खोकल्यासह.

साक्षीदारांनी मला व मी त्यांना सही करताना पाहिले.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: शेजारचे दंतवैद्य (सही), गल्लीतले शिंपी (सही)
स्थळ: राहत्या घराची गच्ची
दिनांक: ८ फेब्रुवारी २०१५