पट्टी बांधलेल्या माणसाने पिस्तूल कसं निवडावं

वडीलधारे मेहुणे ऑरव्हिलदादा यांना मॉन्टानाहून धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे अर्विडचा, साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घ्यावा).

तुमची तब्येत कशी आहे? अ‍ॅरिझोनात म्हणे सावलीतसुद्धा अंडं तळून निघतं आणि तरी तुम्ही तिथेच राहता, तेव्हा ती ठणठणीत असणार असं मी धरून चालतो. वहिनींच्या दाढेचं काय झालं? इकडे सगळं क्षेम आहे. बर्फ गेलं, डास आले, आणि तुमच्या बहिणीचा नवा खुबा जुन्यापेक्षा बरा चालतो. डॉक्टरांनी तिला रोज थोडं चालायला सांगितलं. कुठे चालायचं ते सांगायला ते विसरले, आणि एवढ्या एका फटीतून लव्हर्नने अख्खा डोंगर आत घेतला आहे. यंदा हकलबेरीची जांभळी रानफळं तोडायला ती त्या जागेवर एकटी जाणार म्हणते. त्यावरूनच माझं पिस्तुलाचं प्रकरण उभं राहिलं, आणि ते मी तुम्हाला सविस्तर कळवतो आहे, कारण गावात ते सांगायला मला तोंड राहिलेलं नाही.

त्या जागेबद्दल तुम्हाला मी काय सांगावं! तुमच्याच मातोश्रींची ती. हकलबेरी परसात लावून येत नाही, ती डोंगरात तिच्या मर्जीने येते, आणि ज्याला ती सापडते तो एक वेळ बँकेतला आकडा सांगेल, पण जागा सांगणार नाही. मातोश्रींनी ती तुम्हाला दाखवली, लव्हर्नला दाखवली, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मला म्हणाल्या, "जावईबापू, बादल्या उचलायला तुम्ही चालाल, पण डोळे झाकून." तेव्हापासून दरवर्षी गावाबाहेर पडलं की माझ्या डोळ्यांवर पट्टी बसते (आधी पिठाच्या पोत्याची होती, आता लव्हर्नच्या चर्चला न्यायच्या रुमालाची आहे, घराण्यात एवढी बढती मला मिळाली). जागेवर पोचल्यावर ती सुटते आणि बादल्या भरल्या की पुन्हा बसते. एकदा वाटेत पोलिसाने गाडी अडवली. डोळे बांधलेला माणूस पाहून त्याचा हात कमरेकडे गेला, मग त्याला मागच्या बादल्या दिसल्या. "हकलबेरी का, मावशी?" "हो रे बाबा," मातोश्री म्हणाल्या. "मग या सावकाश." मी त्या वेळी वाचवा म्हणून ओरडलो असतो तरी त्याने मला गप्प बसायला सांगितलं असतं. मातोश्रींना जाऊन बरीच वर्षं झाली, पट्टी मात्र आहे. मला तिचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

आता अस्वल. गेल्या ऑगस्टात आम्ही तोडणीला लागलो असताना पलीकडच्या झुडपातून एक ग्रिझली उभं राहिलं. खांद्यावर बैलासारखं वशिंड, तोंड जांभळं, म्हणजे आमच्या आधीपासून पंगतीला बसलेलं. तुमच्या बहिणीने त्याला शेजाऱ्याच्या कुत्र्याला झापावं तसं झापलं. "ए! हट! लाज नाही वाटत दुसऱ्याच्या ताटात तोंड घालायला? निघ!" त्याने थोडा विचार केला आणि ते गेलं. मी या सगळ्या काळात अत्यंत धीराने उभा होतो (धीराने म्हणजे पाय हलत नव्हते), आणि केवळ ऊन लागू नये म्हणून बादली डोक्यावर घेतली होती. लव्हर्नला हे पटत नाही. तिचं म्हणणं, अस्वल दिसल्यावर जो बादलीत शिरतो, त्याला पट्टी बांधून वर न्यायचं आणि धड परत आणायचं, हा व्याप नव्या खुब्याला झेपणार नाही. मी म्हणालो, "पिस्तूल घेतो, मग तरी नेशील?" ती म्हणाली, "आधी पेलवेल असं निवड, चालवायला शीक, मग बघू." फळं पिकायला तेव्हा महिनाभर होता आणि मला वाटलं, महिना म्हणजे डोक्यावरून पाणी.

दादा, पिस्तूल निवडणं म्हणजे बूट निवडण्यासारखं असेल अशी माझी समजूत होती. घालून बघायचे, चावले नाहीत तर घ्यायचे. पण डेलबर्टच्या हार्डवेअरच्या दुकानात, रंगाच्या डब्यांशेजारी जिथे तो बंदुका विकतो, तिथे पहिलाच प्रश्न आला, "हिंडणार कुठे?" सगळं म्हणे त्यावर ठरतं. खडकाळ उतार असेल तर साप, आणि सापाला छर्‍याची काडतुसं घातलेलं छोटं पिस्तूल पुरतं. दाट झुडूप असेल तर आखूड नळी. काळं अस्वल असेल तर तीनशे सत्तावन्न नंबरचं रिव्हॉल्व्हर, ग्रिझली असेल तर चव्वेचाळीस, आणि मूससारखं घोड्याएवढं हरीण असेल तर जवळचं झाड. मी खरं तेच सांगितलं, की कुठे हिंडणार ते मला माहीत नाही. डेलबर्टने दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे बघून डोळा मारला. "बघा! तीस वर्षं जातोय आणि म्हणे माहीत नाही! थेल्माबाईंसारख्या सासूच्या हाताखाली तयार झालाय गडी, ताकास तूर लागू देणार नाही." लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. खरं बोलल्याबद्दल लबाड म्हणून एवढी शाबासकी मला आयुष्यात मिळालेली नव्हती, आणि ती मला (कबूल करतो) जरा चढली.

मग पिस्तूल चुकीचं निवडलं जाऊ नये म्हणून, केवळ त्या हेतूने, मला पट्टीखालून जे कळतं ते मी सांगून टाकलं. आधी बराच चढ लागतो. मग एक लाकडी पूल येतो, त्याच्या फळ्या खडखडतात. मग डाव्या कानाला पाण्याचा आवाज आणि शेवटी जळक्या झाडांचा वास. एवढं ऐकून कोणती नळी घ्यावी ते सांग, असं मी म्हणालो. खिळे वजन करून घेणाऱ्या बाईने खिळे तसेच हातात धरले. "फळ्या," डेलबर्ट अगदी हळू म्हणाला, "किती जोरात खडखडतात?"

त्या शनिवारी तालुक्यातल्या झाडून सगळ्या लाकडी पुलांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. माणसं गाडी पुलावरून न्यायची, काच खाली करून ऐकायची आणि पुन्हा मागे घ्यायची. मी घरी येऊन लव्हर्नपुढे सगळं ओकलो, आणि आता पातेलं डोक्यात बसतं की काय म्हणून डोळे मिटले. ती हसायला लागली. खुबा धरून हसली. "अरे वेड्या, तो पूल वाटेत नाहीच. आई मुद्दाम वळसा घालून तुला त्याच्यावरून न्यायची. म्हणायची, हा कधी ना कधी बोलणार, तर निदान चुकीचं बोलू दे." मीही हसलो. आणि मग, दादा, मला खरंच वाईट वाटलं. माझे डोळे बांधले त्याचं मी समजू शकतो, पण मातोश्रींनी माझ्या कानांवरसुद्धा विश्वास ठेवला नव्हता.

असो. तर जागा सांगता येत नाही म्हणून डेलबर्टने मला सगळ्या प्राण्यांना पुरून उरेल असं लांब नळीचं चव्वेचाळीस गळ्यात मारलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे ते पट्ट्याला लावलं की माझी पँट एका बाजूने खाली निघायची. शेजारचा व्हर्जिल मला खडीच्या खाणीत सरावाला घेऊन गेला. तिथे त्याने पाण्याने भरलेले दुधाचे कॅन मांडले. पहिल्या गोळीच्या धक्क्याने माझी टोपी गेली, कॅन होते तिथेच उभे राहिले, आणि लांब बाजूला, खडीच्या भिंतीपाशी मी सावलीत ठेवलेल्या जेवणाच्या डब्याला आरपार भोक पडलं. व्हर्जिल वाकून बघून आला. "सँडविच अंगावर धावून आलं असतं, तर तू वाचला होतास." मग त्याने त्याचं दुसऱ्या जातीचं, खटक्यावर भरभर चालणारं पिस्तूल दिलं. त्याचा वरचा भाग आधी मागे ओढावा लागतो आणि माझ्या अंगठ्याच्या संधिवाताला ते पसंत पडलं नाही. "अस्वलाला सांग," व्हर्जिल म्हणाला, "बाबा रे, बस जरा, अंगठा शेकून येतो." त्यानंतर बावीस नंबरचं, अगदी मुठीत मावणारं. ते मला मनापासून आवडलं. मी विचारलं, याची गोळी अस्वलाला कळेल का? तो म्हणाला, कळली तर राग येईल. शेवटी मध्यम नळीचं तीनशे सत्तावन्न नशिबी आलं. त्याने मी दुधाचा एक कॅन फोडला (शेजारच्यावर नेम धरला होता, पण कॅन तो कॅनच).

आता ते बांधायचं कुठे? कमरेला लावलं तर पाठपिशवीच्या पट्ट्याखाली दबतं. म्हणून जंगलात हिंडणारे शहाणे लोक ते छातीवर बांधतात, हात घातला की बाहेर. मीही तसा कातडी पट्टा घेतला आणि आरशासमोर उभा राहिलो, आणि खोटं कशाला सांगू, रुबाबदार दिसलो. पण छातीवर तर डबा असतो! दोन्ही हात तोडायला मोकळे राहावेत म्हणून कॉफीचा डबा गळ्यात अडकवायचा, ही तुमच्याच मातोश्रींची शिस्त. डबा पिस्तुलावर घेतला तर पिस्तूल निघत नाही, पिस्तूल डब्यावर घेतलं तर बेरी आत जात नाही. लव्हर्नने परवा स्वयंपाकघरात माझी परीक्षा घेतली. बेरी अजून नसल्यामुळे डब्यात वाटाणे भरले, पिस्तूल रिकामं आहे हे तिने स्वतः दोनदा पाहिलं, आणि मी शांतपणे वाटाणे निवडत असताना ती मागून ओरडली, "अस्वल!" मी चपळाईने हात घातला. डबा उपडा झाला, वाटाणे तिच्या पायांवर आणि मी वाटाण्यांवर. ती वरून माझ्याकडे बघत म्हणाली, "तू त्याला जेवायला वाढलंस, अर्विड." निकाल तिथेच लागला. येत्या शनिवारी ती काठी घेऊन एकटी जाणार आहे.

पत्र फार लांबलं. वहिनींना नमस्कार सांगा आणि दाढ दुखत असेल तर लवंग धरायला सांगा. कळावे, लोभ आहेच, तो तिकडच्या उन्हात वाळू देऊ नये.

तुमचा मेहुणा,
अर्विड

ता. क. तुमच्या वाळवंटात कुणाला लांब नळीचं चव्वेचाळीस हवं असेल तर कळवा. एकदाच वापरलेलं आहे, तेही सँडविचवर. डेलबर्ट परत घेत नाही.

आणखी एक ता. क. दादा, हे पत्र पिस्तुलासाठी नाही. ती जागा कुठे आहे ते मला सांगा. मला बेरी नकोत, मानही नको. पण ती एकटी वर जाणार, नवा खुबा, ते अस्वल, आणि अंधार पडेपर्यंत ती घरी आली नाही तर मी कुठे धावू? शोधायला येणाऱ्यांना काय सांगू, एक पूल आहे जो वाटेत नाही? मला अस्वलाची भीती वाटते, पण त्याहून याची फार वाटते. एका ओळीत लिहा. वाचून जाळून टाकीन.

दादा, मी लव्हर्न. तिकीट लावायला त्याने पाकीट माझ्याच हातात दिलं, तेही न चिकटवता. असा हा गुपित राखणारा माणूस. शेवटचं मी दोनदा वाचलं. तू काही कळवू नकोस. शनिवारी मी त्याला नेते आहे. पिस्तूल घरी राहील, अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा माझ्या कमरेला आहे आणि तो मला चालवता येतो. यंदा पट्टीही बांधणार नाही, गाडी तोच चालवेल. आईला जिथे असेल तिथे राग येऊ दे. आणि जागेची काळजी करू नकोस. खुबा बसवल्यावर हॉस्पिटलातून मला घरी आणताना हा डोळे उघडे ठेवून तीनदा रस्ता चुकला होता.