तेलवाल्याला उत्तर

दि. १९ ऑक्टोबर

चि. खटपट्यास,

ताईचे आशीर्वाद. घ्यायचे की नाही, ते पत्र संपल्यावर ठरव. आम्ही इकडे ठीक. आत्याचा गुडघा पूर्वीसारखाच दुखतो आणि पूर्वीसारखीच ती तो सगळ्यांना दाखवते. आबांना जाऊन आज बारा दिवस झाले. दुकान बंदच आहे.

मुद्दाम कागदावर लिहिते आहे. ईमेल केली असती तर तू न उघडता कचऱ्यात टाकली असतीस.

काल आबांचा ब्लॉग बंद करायला बसले. शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर चार वर्षं ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. वाचणारे शिंपी शंभरएक असतील, पण खाली प्रतिक्रिया टाकणारी जमात निराळीच. टकलावर केस उगवणारे, पोट आत नेणारे, नवरा मुठीत आणून देणारे. सगळ्यांची सुरुवात ठरलेली, 'खूप छान माहिती. असेच लिहीत राहा.' बॉबिन कुठे बसते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला म्हणे माहिती छान वाटते, आणि खाली तेलाच्या बाटलीची लिंक. असल्या लोचट लोकांचा मला पहिल्यापासून तिटकारा. रोज सकाळी चहा पिता पिता पंधरा-वीस जणांना हाकलून द्यायचे.

आबांना ते पटायचं नाही. "अगं, वाचून लिहिलंय ना त्याने? मग उत्तर द्यायला नको?" माझ्या तावडीतून जे सुटत, त्यांना आबा उत्तर सांगत आणि मी दातओठ खात टाइप करी. तेलवाल्याला त्यांनी लिहिलं होतं, 'माझं टक्कल तीस वर्षांचं आहे, आता त्याची झोपमोड नको. घरी मशीन असेल तर तिला महिन्यातून एकदा तेल घालत चला.' पोटवाल्याला कळवलं, की माझं वजन एकावन्न किलो आहे, आणखी घटवलंत तर पाय पायडलला टेकणार नाही. हा शुद्ध मूर्खपणा आहे, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे. ती उत्तरं अजून तिथे आहेत. तू वाचलीच असशील.

दर रविवारी ते विचारत, "धाकट्याचं काही आलं?"

"त्याला तुम्ही आठवत असाल तर येईल," मी म्हणायचे. मग ते चष्मा पुसत बसत.

ब्लॉगला स्पॅमची एक टोपली असते. तिच्यातलं पंधरा दिवसांहून जुनं आपोआप पुसलं जातं. मी कधी तिच्यात डोकावत नाही. घाण चिवडायची कशाला? काल शेवटची रिकामी करायला उघडली तर तेलवाल्यांच्या मध्ये हे होतं. आबा जायच्या आदल्या रविवारचं.

'आबा, तुम्ही सांगितलंत तसा सुईचा दांडा किंचित खाली घेतला. टाका सुटायचा थांबला. कंपनीने भंगारात काढलेली सहा मशिनं चालू केली. दर रविवारी लिहितो. तुम्ही तेलवाल्यालाही उत्तर देता. मला एक शब्द चालेल. — खटपट्या.'

हे मी त्यांना वाचून दाखवलं असतं, तर ते दुकान उघडायला उठले असते.

आधी मी स्पॅम निवडणाऱ्या त्या प्रोग्रॅमला शिव्या घातल्या. आंधळा आहे, माणूस आणि तेलवाला त्याला ओळखता येत नाही, वगैरे. पण तो शिकवल्याप्रमाणे वागतो. एखाद्याला एकदा स्पॅम ठरवलं, की त्याचं पुढचं सगळं परस्पर टोपलीत.

शिकवलं मी. गेल्या मार्चमध्ये तुझी पहिली प्रतिक्रिया आली होती. 'आबा, खूप छान लिहिलंय. असेच लिहीत राहा. — खटपट्या.' त्या नावाने तुला आबांशिवाय आणि माझ्याशिवाय कोण हाक मारतं? ओळखायला क्षणही लागला नाही. जुनं फेका आणि नवं घ्या म्हणणाऱ्या कंपनीत तू गेलास, आबा रागाने "परत येऊ नकोस" म्हणाले, आणि तू शहाणा खरंच आला नाहीस. त्यांची औषधं, दुकानाचं शटर, त्यांचा संताप, सगळं माझ्या गळ्यात. आणि पाच वर्षांनी तू तेलवाल्याच्या दोन ओळी घेऊन हजर. त्या दोन ओळींवर आबा रडले असते. माझ्या टायपिंगला त्यांनी कधी 'बरं' म्हटलं नव्हतं. मी स्पॅमचं बटण दाबलं. फार बरं वाटलं.

नंतर तुझं काही दिसलंच नाही. एकदाच लिहून थकला, असं मी धरून चालले, आणि तेवढ्यावर तुला आजवर तुच्छ लेखत आले.

आबांना नेलं तेव्हा तू शटरपाशी उभा होतास. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "तेलवाल्यांनीसुद्धा आबांना लिहिलं. तुझे हात मोडले होते का?" तू बूट घातलेस आणि निघून गेलास. तुला वाटत होतं, आबांनी वाचलं आणि उत्तर दिलं नाही. आबांना वाटत होतं, तू लिहिलंच नाहीस. आणि ते वाक्य बोलताना तुझी पहिली प्रतिक्रिया मला चांगली आठवत होती. तिटकाऱ्याच्या लायकीचं त्या ब्लॉगवर एकच माणूस होतं, आणि ते काही विकत नव्हतं, टाइप करत होतं.

तुझी प्रतिक्रिया बाहेर काढून लेखाखाली लावली आहे. आबांच्या नावाने उत्तर लिहिता आलं असतं, त्यांची ढब मला पाठ आहे. लिहिलं नाही. ब्लॉगही बंद केलेला नाही. दुकानाची किल्ली या पत्राच्या पाकिटात ठेवली आहे.

हे पत्र फेकायचं तर फेक, पण वाचून.

तुझे सगळे रविवार न वाचता पुसू देणारी,
ताई