डबे झाले की मी निघते

४ मे, सकाळी दहा
मुलीच्या घरी आज एकोणपन्नासावा दिवस. आणताना पंधरा दिवस म्हणाली होती. निमित्त काय, तर मी माझ्या बाथरूममध्ये पडले. पडले नाही, घसरले. खालची शेजारीण दीड तासाने आली आणि दार तोडायला लावून तिने सगळ्या बिल्डिंगला तमाशा दाखवला. तेव्हापासून मी इथे कैदेत.
मुलगी आज पुन्हा म्हणाली, आई, तू म्हणशील तेव्हा सोडते, शनिवारी मी मोकळीच असते. कावा लक्षात आला. ज्यांना खरंच सोडायचं असतं ते वार सांगत बसत नाहीत, गाडी काढतात.

४ मे, दुपारी
जावई विमा कंपनीत आहेत आणि रविवारी तीन टकल्या मित्रांबरोबर गिटार वाजवतात. सध्या पेडल बनवण्याचं वेड. पेडल म्हणजे साबणाच्या डबीएवढा अ‍ॅल्युमिनियमचा डबा. पायाने बटण दाबलं की चांगल्या गिटारचा आवाज फाटका येतो. आवाज फाडायला माणसं इतके कष्ट घेतात हे मला माहीत नव्हतं.
असे सहा डबे करायचेत. आधी नमुन्याच्या एका जादा डब्याला जावयांनी अंदाजाने भोकं पाडली. उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. मी सांगितलं, ड्रॉइंग ऑफिसात एकतीस वर्षं काढली आहेत, पाण्याच्या टाक्या मी कागदावर उभ्या केल्या, तुमचे डबे ते काय. जावयांनी मुलीकडे पाहिलं, मुलीने त्यांच्याकडे. आदर वाटला असणार.
ठरलं. सहा डबे, पंधरा दिवस. १९ तारखेला मी माझ्या घरी.

८ मे
ड्रॉइंग पूर्ण. वरचं दृश्य, डावी बाजू, उजवी बाजू, शाईत. वर तीन भोकं गोल बटणांची, एक दिव्याचं, एक पायाच्या बटणाचं. उजव्या कडेला दोन, गिटारची वायर आणि वीज आत यायला. डाव्या कडेला एक, आवाज बाहेर जायला. एकूण आठ.
जावयांनी हळूच विचारलं, आई, चार दिवस ड्रॉइंगच? आमच्या शाळेत समास वाकडा आला तर सिस्टर पान फाडून हातात देत. जावई तशा शाळेत गेलेले नाहीत. ते दिसतंच.

१२ मे
मागच्या खोलीत जावयांचं टेबल आहे, तिथे पहिलं भोक. म्हणजे पाडणार होते. ड्रिल सुरू केलं आणि ते डब्यावरून बर्फावरून घसरावं तसं आडवं गेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा. जावई म्हणाले, आधी पंचने खड्डा करायचा असतो, मी सांगितलं होतं. सांगितलं होतं, पण आवाज चढवून सांगितलं नव्हतं.
मुलगी म्हणाली, आई, तुझा हात थरथरतोय. हात थरथरला नाही. डबा थरथरला.
नवा डबा यायला आठ दिवस. १९ तारीख गेली. आता ३० मे, पक्की.

१५ मे
खालच्या शेजारणीचा फोन. मुलीने माझ्या बाथरूममध्ये धरायला दोन दांडे बसवून घेतलेत, जमिनीला खरखरीत फरशी लावलीय. मला न विचारता. शेजारीण म्हणाली, आता या की, तुमच्याशिवाय करमत नाही, जिन्यात कोणी ओरडतच नाही. मी म्हटलं, डबे झाले की निघते. तिने विचारलं, अहो, किती वर्षांचं काम आहे ते?
या बाईला हाताने केलेल्या कामाची किंमत कधीच नव्हती.

१८ मे
जुन्या पत्र्यावर सराव. सकाळी वीस भोकं, संध्याकाळी वीस. आधी टेप चिकटवायची, मग खुणेवर पंच, मग ड्रिलचं बारीक बिट, मग जाड. प्रत्येक भोकाची कड कानशीने घासायची. अ‍ॅल्युमिनियमचा कीस केसांत जातो. मुलगी म्हणते शोभतो. वाचायच्या चष्म्यावर तिने दिलेला डोळे सांभाळायचा चष्मा घालून मी आरशात पाहिलं. वेल्डर दिसत होते. वाईट नाही.

२२ मे
नवा डबा दोन दिवसांपूर्वी आला आणि आज सहाही झाले. एका वेळी एक डबा हे घरगुती लोकांचं काम. मी सहाही डब्यांना एकेक छापील ड्रॉइंग गुंडाळलं आणि ओळीने सुटले. अठ्ठेचाळीस भोकं, एकही वाकडं नाही. हात थरथरतो म्हणणाऱ्यांनी येऊन मोजावं. मुलगी मोजून गेली, पाठ थोपटून गेली, आणि जाता जाता म्हणाली, मग उद्या शनिवारी निघायचं?
मी म्हटलं, आधी आतली मंडळी, बटणं नि वायरी, बसू देत. काम टाकून हात झटकणारी मी नाही.

२३ मे
आतली मंडळी बसत नाहीत.
जावयांनी डबा हातात घेतला. मग उलटा धरला. मग पुन्हा सुलटा. विजेचं सॉकेट त्यांच्या सर्किटवर उजवीकडे आहे आणि माझी दोन भोकं डावीकडे. सहाही डब्यांत.
मी एकतीस वर्षं जसं काढलं तसंच काढलं. डावीकडून दिसतं ते कागदावर उजव्या हाताला काढायचं, अशी आमची पद्धत. कागद टेबलावर पसरून वाचायचा असतो. जावई म्हणाले, पण आई, तुम्ही तो डब्याला गुंडाळलात, म्हणून बाजू उलटल्या. म्हणजे ड्रॉइंग बरोबर होतं, गुंडाळणं चुकलं. गुंडाळलं मी, पण गुंडाळायची कल्पना त्यांची.
त्यांचा ड्रमवाला मित्र आला होता. म्हणाला, काकू, डावखुऱ्यांसाठी बनवलेत का? मी म्हटलं, ज्यांना दोन काठ्यांनी बडवण्यापलीकडे वाद्य येत नाही त्यांनी भोकांबद्दल बोलू नये. त्याला राग आला नाही. हल्ली कोणालाच येत नाही.
नवे सहा डबे मागवले. मुलगी म्हणाली, आई, त्यासाठी तू अडकू नकोस, जा तू खुशाल. पोटची पोर मला नामुष्कीसकट घालवून द्यायला निघाली. ३० मे रद्द. १५ जून.

२९ मे
डबे आले. मनगट दुखतंय, सोमवारी सुरू करू.
इथलं बाथरूम माझ्या घरच्यापेक्षा जास्त ओलं असतं, तरी मी घसरत नाही. बाहेर मुलगी भांडी लावत असते. आवाज येत राहतो.

५ जून, संध्याकाळी
विश्वासघात. जावयांनी माझं ड्रॉइंग बाजू बदलून एका वर्कशॉपमध्ये नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत मशिनवर सहाही डबे करून आणले. अर्धा तास. संध्याकाळपर्यंत सगळं आत बसलं, वाजलं, फाटलं. जावई म्हणाले, आई, सगळी मापं तुमचीच, वर्कशॉपवालाही म्हणाला, असं ड्रॉइंग आता कोणी करत नाही. मस्का.
मुलीने विचारलं, उद्या शनिवार, नेऊ? काही कारण सुचेना. हो म्हटलं.

६ जून, दुपारी चार
सकाळी दोघं मला घरी घेऊन गेली. दार नवं. सगळं जागच्या जागी, वर धुळीचा थर. मुलीने दांडे दाखवले. मी दारातूनच पाहिले. चांगले आहेत, सरळ बसवलेत. हात मी स्वयंपाकघरात धुतले.
मुलगी गाडीतून बॅग आणायला खाली निघाली, तेव्हा मला आठवलं की रक्तदाबाच्या गोळ्या तिच्याकडेच राहिल्या. ती म्हणाली, बॅगेत आहेत आई, मीच ठेवल्या. मी म्हटलं, या धुळीत माझ्याच्याने गोळी गिळवणार नाही.
खिडक्या लावल्या, कुलूप घातलं, परत निघालो.
सिग्नलला मुलगी म्हणाली, मागची खोली तुझ्यासाठी रिकामी करू का, कायमची? जावई गाडी चालवत म्हणाले, ड्रिलचं टेबल मात्र तिथेच राहू दे, आईंना लागेल.
मी स्पष्ट सांगितलं, राहीन, पण हे केवळ तुमच्या आग्रहाखातर.
मुलगी म्हणाली, हो आई, आमच्याच आग्रहाखातर.
आता काय करणार. त्यांचं मन मोडवत नाही.